बिनआवाजाचं इंग्रजी

माझ्या तोंडाकडे कुणी टक लावून बघितलेलं मला मुळीच खपत नाही. दात थोडे पुढे आहेत माझे, शाळेत असताना त्यावरून पुष्कळ ऐकून घेतलंय. त्यामुळे सुरतेत गोडादऱ्यातल्या आमच्या क्लासात, सगळा वर्ग ज्यांना पुढे मावशी म्हणायला लागला, त्या बाई पहिल्यांदा आल्या आणि पहिल्या बाकावर बसून तासभर माझ्या ओठांकडेच बघत राहिल्या, डोळ्यांकडे एकदाही नाही, तेव्हा माझं डोकंच फिरलं. तास संपल्यावर त्या टेबलापाशी आल्या. पन्नाशी ओलांडलेल्या, बारीक अंगाच्या, पदर घट्ट खोचलेला.

“मॅडम,” त्या म्हणाल्या, “मला बोलायला नका शिकवू. लिहायला पण नको. तुम्ही आवाज न काढता नुसतं तोंड हलवा. तेवढं शिकवा.”

आता क्लास आमचा इंग्रजी बोलायला शिकवणारा. बाहेर पाटीवर मराठी, गुजराती, हिंदी तिन्ही भाषांत तसं लिहिलंय. मी विचारलं, बाई, बोलायचं नाही तर आलात कशाला? त्यांनी मागे वळून बाकी बायका जिना उतरल्यात का ते बघितलं, मग खुर्ची ओढून बसल्या.

त्यांचं म्हणणं कळायला आमची जागा माहीत पाहिजे. क्लासाच्या खाली कापड विणायच्या लूमचा कारखाना आहे. फरशी दिवसभर थरथरते, टेबलावरच्या ग्लासातलं पाणी कधी स्थिर म्हणून नसतं, आणि सुरुवातीला तर कतारगामला घरी पोचल्यावरही माझ्या पायांत ती थरथर राहायची. मी बँकेतल्या माणसाची बायको. नवऱ्याच्या बदलीनं सांगलीकडून सुरतेत आले. तिकडे कॉलेजात इंग्रजी शिकवत होते, इकडे दुपारचा बायकांचा वर्ग मिळाला. बहुतेक बायका खानदेशातल्या. कुणाचा नवरा लूमवर, कुणी घरी बसून साड्यांना टिकल्या लावणारी. पोरांच्या शाळेत मीटिंगला गेल्यावर मान खाली घालावी लागू नये, एवढ्यासाठी येतात बिचाऱ्या.

लूमवाल्या माणसांची एक रीत मला इथेच कळली. कारखान्यात कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही, म्हणून ती ओरडतच नाहीत. नुसते ओठ हलवतात आणि समोरचा ते वाचतो. दोन ओळी पलीकडून जेवलास का विचारतात, भांडतात, एकमेकांची टिंगल करतात, सगळं बिनआवाजाचं. घरी गेल्यावरही ती सवय सुटत नाही, पोरं तीच बोली बघत मोठी होतात. मावशींनी लग्न होऊन आल्यापासून नवागामातल्या कारखान्यात लूमला लागणाऱ्या धाग्याच्या कांड्या भरल्या होत्या. पुढे नवरा गेला, मग हळूहळू कान गेले. आता जवळचा, मोठा आवाज तेवढा कळतो. पण समोरच्याचं तोंड दिसलं की त्यांना काही सुटत नाही.

त्यांना एकच मुलगी. शिकत शिकत शिक्षिका झाली आणि अमेरिकेतल्या एका राज्यात लहान मुलांच्या शाळेत शिकवायला गेली. रोज सकाळी, इकडे नळाला पाणी यायच्या वेळेला, ती व्हिडिओ कॉल करते. तिच्याबरोबर घरात आणखी एक बाई राहते, तिथलीच, इंग्रजी बोलणारी. रूमवाली, असं मुलगी सांगते. गेले काही महिने असं व्हायला लागलं होतं की बोलता बोलता मुलगी फोनचा आवाज बंद करायची, त्या रूमवालीशी काहीतरी बोलायची, मग आवाज सुरू करून हसून म्हणायची, काही नाही मम्मी, शाळेचं काम. तोंड मात्र पूर्ण वेळ फोनसमोरच.

आता काय म्हणावं या पोरीला! लूमच्या घरात वाढली, आईशी जन्मभर ओठांनी बोलली, आणि आईपासून लपवायची वेळ आली तेव्हा बंद काय केलं, तर आवाज. सगळी भिस्त इंग्रजीवर. मम्मीला इंग्रजी कुठे येतंय!

“पोरगी कशाला तरी घाबरेल शे,” मावशी आपल्या अहिराणीत म्हणाल्या, घाबरलेली आहे. “तोंडावर दिसतं माले. कशाला घाबरली, ते वाचायचंय.”

मी म्हटलं, सरळ विचारा ना. त्यांनी मान हलवली. विचारलं तर ती तोंडच फिरवेल, मग मी काय बघू, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटलं नाही. हे चोरून ऐकणंच झालं, असं मी त्यांना तोंडावर सांगितलं. त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या की मला तर ऐकूच येत नाही. कपाळ माझं.

तर असं आमचं शिकणं सुरू झालं. वर्ग सुटला की मावशी समोर बसायच्या आणि मी आवाज न काढता इंग्रजी बोलायची. सोपं नाही हो ते. आवाज काढला नाही की आपलेच ओठ आपल्याला परके वाटायला लागतात. मला मध्येच वाटायचं, हे मी बोलतच नाहीये, तोंड आपलं आपण हलतंय आणि समोरची बाई त्यातून काहीतरी काढून घेतेय. मग मी मुद्दाम खाकरायची, आपला आवाज जागेवर आहे ना ते बघायला. मावशी थांबून राहायच्या, मी पुन्हा सुरू होईपर्यंत, ओठांवरची नजर जराही न हलवता.

शिकल्या मात्र भराभर. शब्दाचा अर्थ सांगितला, ओठांनी करून दाखवला, की झालं काम. सकाळी मुलीच्या तोंडावर जे दिसलं असेल ते दुपारी मला करून दाखवायच्या, आणि ते मला सगळ्यात जड जायचं. मावशींचा चेहराच बदलायचा. भुवया वर चढायच्या, मान एका बाजूला झुकायची, ओठ झपझप हलायचे, आणि पन्नाशीच्या त्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेली एक तरुण मुलगी येऊन बसायची. खाली लूम धडधडत असायचे आणि ती मुलगी मला जीव तोडून काहीतरी सांगत असायची. मी अंदाज करायची, हा शब्द अमुक असेल, तो तमुक असेल. पुष्कळदा जमायचं नाही. जमायचं तेव्हा अंगावर काटा यायचा आणि मी मावशींना म्हणायची, पुरे, आता तुमचं तोंड परत आणा.

स्कूल. पेरेंट. फोटो. कम्प्लेंट. आणि एक शब्द रोजच्या रोज, लॉ. मी सांगितलं, लॉ म्हणजे कायदा. मावशींनी विचारलं, “पोलीस येतात तो?” मी म्हटलं, तसलाही असतो, बाकीचेही असतात. त्या दिवशी त्या तिथेच उठल्या.

माझं घरी वेगळंच चालू झालं होतं. नवरा टीव्ही बघत बसला की मी आवाज बंद करून बातम्या देणाऱ्या बाईचे ओठ बघत उभी राहायची. समोरच्या बिल्डिंगमध्ये बाल्कनीत दोघीजणी बोलत असल्या की माझे हात भांड्यांत थांबायचे. कापडाच्या दुकानात काचेच्या पलीकडे माणसं बोलताना दिसली की वाटायचं, काहीतरी महत्त्वाचं चाललंय आणि मला ते कळू नये अशी सगळ्यांची मिळून व्यवस्था आहे. भीती वाटायची, खरंच सांगते. भर दुपारी, माणसांनी भरलेल्या रस्त्यात भीती वाटायची. नवरा म्हणाला, तुला रजेची गरज आहे. मी म्हटलं, तुम्हाला तोंड नीट उघडून बोलायची गरज आहे.

त्याच सुमारास तो धडा आला. आमच्या क्लासचे मालक नेटवरून इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी सोप्या भाषेत लिहिलेल्या बातम्या छापून घेतात आणि पुस्तिका करून वाटतात. स्वतः वाचत नाहीत, हा त्यांचा मोठा गुण. नव्या पुस्तिकेत एक धडा होता, छोट्या छोट्या वाक्यांचा. अमेरिकेत काही राज्यांनी कायदे केले आहेत. या कायद्यांप्रमाणे शिक्षकांना वर्गात काही विषयांवर बोलता येत नाही. कुणाला कुणाबद्दल ओढ वाटते, बाईला बाईबद्दल, पुरुषाला पुरुषाबद्दल, हा त्यातला एक विषय. काही पालक म्हणतात, या गोष्टी आम्ही घरी सांगू, शाळेनं सांगू नयेत. काही शिक्षक म्हणतात, नक्की काय बोललेलं चालेल ते कळत नाही, म्हणून आम्ही काहीच बोलत नाही. त्याखाली अवघड शब्दांचे अर्थ, आणि शेवटी चर्चेसाठी प्रश्न, तुमच्या देशात शाळेत कोणत्या गोष्टींबद्दल बोलत नाहीत?

कुणा बाईच्या घरी तो धडा कुणीतरी वाचला असावा आणि मालकांकडे तक्रार गेली असावी. वर्ग सुरू व्हायच्या आधी मालक घाम पुसत वर आले. मला म्हणाले, हा धडा सोडून द्या, त्यातला एक शब्द तोंडातून काढू नका. मी विचारलं, का, आपल्याकडेही असा कायदा झालाय का? आपल्याकडे तर कोर्टानं हा गुन्हा नाही म्हणून सांगितल्याला वर्षं झाली.

“कायदा कशाला पाहिजे, मॅडम?” ते म्हणाले. “मी सांगतोय ना.”

वाईट माणूस नाही तो. वर्ग बंद पडेल ही त्यांची भीती खरी होती, आणि हात जोडून बोलत होते. पण माझ्या डोक्यात तिडीक गेली ती गेलीच. त्यांनी सगळ्या पुस्तिका आधीच मागवून घेऊन त्या पानांना चारी बाजूंनी पिना मारून ठेवल्या होत्या.

त्या दिवशी लाइनचं काम चालू होतं, सकाळपासून वीज नव्हती. खालचे लूम बंद. इतकी वर्षं मी त्या खोलीत शिकवते, पण तशी शांतता मी तिथे ऐकली नव्हती. फरशी मेल्यासारखी थंड पडली होती. पंखाही बंद. बायका आल्या, पिना मारलेल्या पुस्तिका उचलल्या, आपापल्या जागी बसल्या. एकीनं पुस्तिका खिडकीच्या उजेडात धरली. मग दुसरीनं धरली. मी हजेरी घेतली, माझाच आवाज मला मोठा वाटला, म्हणून हळू घेतली.

आणि मग मला दिसलं की त्या बोलतायत. सगळ्या. ओठ हलत होते, भुवया हलत होत्या, एखादीची मान डुलत होती, आणि खोलीत चिटपाखरूही नसल्यासारखी शांतता. लूम चालू असताना हे मी हजारदा बघितलं होतं, तेव्हा काही वाटलं नव्हतं. त्या शांततेत बघितलं आणि माझा हात डस्टरकडे गेला. क्षणभर वाटलं, माझेच कान गेले. मी टेबलावर डस्टर आपटलं. आवाज आला. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं आणि ओठ थांबले. त्या काही वाईट करत नव्हत्या हो. मालकांनी शब्द तोंडातून काढू नका म्हटलं होतं, आणि त्यांनी काढला नव्हता.

मग मलाही सुचलं. मी फळ्यासमोर उभी राहिले आणि आवाज न काढता, मराठीत, तो धडा शिकवायला लागले. मावशींच्या कृपेनं माझे ओठ आता चांगले तयार झाले होते. मी एकेक वाक्य सावकाश केलं. कायदा. शिक्षक. वर्गात बोलायचं नाही. बाईचं बाईवर प्रेम असतं, पुरुषाचं पुरुषावर असतं, असं असतं, आणि ते बोलायचं नाही. वर्तमानपत्रात त्याला मोठे मोठे शब्द आहेत, ते आवाजातही माझ्या तोंडी बसले नसते, म्हणून साधंच सांगितलं. सगळ्या वर्गाची नजर माझ्या ओठांवर खिळली होती, आणि माझ्या दातांची मला त्या दिवशी आठवणसुद्धा झाली नाही. मध्येच मालक दारात आले. त्यांना काय दिसलं असेल? फळ्यासमोर मास्तरीण तोंड उघडतेय, मिटतेय, बायका पापणी न हलवता बघतायत, आणि आवाज शून्य. ते थोडा वेळ उभे राहिले. त्यांचा चेहरा पांढरा पडत गेला, आणि ते जिना उतरून गेले.

शेवटी मी प्रश्नही तसाच विचारला. आपल्या शाळांत कशाबद्दल बोलत नाहीत? झालं, सगळे ओठ एकदम सुटले. एकीनं डोळे पुसले. एक जण पदराआड हसली. मागच्या बाकावरची, एरवी हजेरीलाही धड उत्तर न देणारी, किती वेळ बोलत होती, हातवारे न करता, खाली मान न घालता. बाकीच्या वळून तिचं तोंड वाचत होत्या, आणि वाचून झाल्यावर तशाच बघत राहिल्या. मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. मी शिकवणारी, आणि त्या खोलीत एकटी बहिरी मी होते. ती काय बोलली ते मी पुढे विचारलं नाही, तिनंही कधी सांगितलं नाही.

वर्ग सुटल्यावर मावशी बसून राहिल्या. वीज अजून आलेली नव्हती.

“हा कायदा माझ्या पोरीच्या राज्यात शे का?” त्यांनी विचारलं.

मी फोनवर शोधलं. होता. मी त्यांना खरं ते सांगितलं. लहान मुलांच्या वर्गात शिक्षकांनी या विषयावर शिकवायचं नाही असं तो म्हणतो. टेबलावर जोडीदाराचा फोटो ठेवला तर चालेल की नाही, मुलानं विचारलं तर उत्तर द्यायचं की नाही, यावर जो तो वेगळं सांगतो, त्यामुळे सगळे घाबरून असतात. कुणाची तक्रार आली तर चौकशी होते. मावशी माझे ओठ वाचत होत्या. फोटो, तक्रार, पालक, त्यांच्याकडे सगळे शब्द आधीच होते. मला बोलता बोलताच घाम फुटला, कारण मी कायदा समजावून सांगत होते, आणि त्याबरोबर आणखी एक गोष्ट एका आईला सांगून बसले होते. मी फोन पालथा ठेवला.

“ते माले माहीत शे,” मावशी म्हणाल्या. “केव्हाचंच. लूममध्ये माणसं बोलतात तेव्हा एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. या दोघी बोलून झाल्यावरबी बघत राहतात.”

मी विचारलं, तुम्हाला राग नाही आला? त्या म्हणाल्या, आला होता. खूप आला होता. नवऱ्याच्या फोटोशी भांडले, कुणाला सांगायची सोय नाही म्हणून पाण्याच्या टाकीत तोंड घालून ओरडले. मग एक दिवस पोरगी भीतीनं तोंड हलवायला लागली आणि राग बाजूला राहिला. हे सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि आवाज अगदी सपाट. मला त्यांचा हात धरावासा वाटला, मी धरला.

पुढे म्हणाल्या, मॅडम, उद्या सकाळी घरी या. एकटीनं वाचायला भीती वाटते.

नवागामातली त्यांची खोली एका कारखान्याच्या पाठीला पाठ लावून आहे. भिंतीवरची कॅलेंडरं आपोआप हलत असतात. मी पोचले तेव्हा नळाला पाणी आलेलं होतं, पण त्या दिवशी मावशींनी बादली लावली नव्हती. फोन डब्याला टेकवून ठेवला होता. मी बाजूला, फोनमध्ये दिसणार नाही अशी बसले. मावशींनी माझा हात धरून मला तिथे बसवलं होतं, आणि मी बसले. कॉल आला. मुलगी दिसली, आणि मी चरकले. भुवया, मान, सगळं ओळखीचं. गेले कित्येक आठवडे ही मुलगी रोज दुपारी माझ्यासमोर बसत होती.

मायलेकी अहिराणीत बोलल्या, तब्येत, गॅस, पाणी. मागून ती दुसरी, रूमवाली, आली, उंच, केस ओले, मावशींना तिनं हात हलवून नमस्ते केलं. तिचा चेहरा रडून सुजलेला होता. तिनं मुलीला काहीतरी विचारलं, आणि मुलीनं आवाज बंद केला.

फोन मुका झाला. दोघींची तोंडं हलायला लागली. आणि माझ्या शेजारी मावशी बोलायला लागल्या. इंग्रजीत. मोठ्यानं, त्यांच्या त्या बहिऱ्या माणसाच्या सपाट आवाजात, मुलीच्या ओठांबरोबर ओठ हलवत. त्यांना स्वतःला ते कळत होतं की नाही देव जाणे. तुटक तुटक शब्द येत होते. टुमारो. प्रिन्सिपल. दे आस्क. फोटो. आय सेड वाइफ. फोटोतली कोण विचारल्यावर पोरगी ‘माझी बायको’ सांगून बसली होती. पडद्यावर अमेरिकेतली मुलगी तोंड हलवतेय आणि तिचा आवाज नवागामात तिच्या आईच्या गळ्यातून निघतोय. पळून जावंसं वाटलं मला, पण मावशींनी माझा हात सोडला नव्हता.

दुसरीनं काहीतरी विचारलं, तिचे ओठ मावशींना नीट वाचता येत नाहीत. मुलीनं उत्तर दिलं, आणि मावशींच्या तोंडून आलं, “दे सेंड मी बॅक. नो होम. मम्मी नो.”

मावशी थांबल्या. माझ्याकडे वळल्या, अर्थ विचारायला. मी म्हटलं, ती म्हणतेय, नोकरी गेली तर परत पाठवतील, आणि परत यायला तिला घर नाही. तुम्ही तिला घरात घेणार नाही, असं तिला वाटतंय.

मावशींनी माझा हात सोडला. फोनकडे तोंड केलं, जवळ नेलं, आणि ओठ हलवले. आवाज नाही. कारखान्यात दोन ओळी पलीकडच्या माणसाशी बोलतात तसे, मोठे, स्वच्छ. पडद्यावरची मुलगी बोलत होती ती मध्येच थांबली. आईच्या तोंडाकडे बघत राहिली. मावशींनी तेच पुन्हा केलं. मला दम निघेना, मी विचारलं, काय सांगितलंत?

“घरी ये म्हटलं. तिलेबी घेऊन ये.”

ती दुसरी काही न कळून एकदा फोनकडे, एकदा मुलीकडे बघत होती. मुलीचा हात तोंडावर गेला होता. मग तो हात खाली आला, फोनकडे आला, आणि मला वाटलं, गेलं, आता ही कॉल तोडणार. मावशींनाही तेच वाटलं असावं, कारण त्यांनी दोन्ही हातांनी फोन घट्ट धरला. पण आवाज सुरू झाला. आधी नुसता श्वास आला. मग मुलीनं विचारलं, मम्मी, तू केव्हापासून ऐकतेस?

“तू आवाज बंद करायला लागलीस तेव्हापासून,” मावशी म्हणाल्या.

मुलगी रडायला लागली. दुसरीनं तिला धरलं, आणि पहिल्यांदाच तिनं ते फोनसमोर केलं. मावशी बघत होत्या. रडून होईपर्यंत थांबल्या. मग फोन कानाशी नेला, त्या बिनकामाच्या कानाशी, आणि म्हणाल्या, “आता सांग तो कायदा काय शे. पहिल्यापासून सांग. मोठ्यानं सांग.”